एका खड्ड्यातली दोन माणसं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य नेमकं कुठं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही. तुम्ही लहान असाल तर पुढं सरकून बसा. मोठे असाल तर हातातलं काम चालू ठेवून ऐका.

त्या राज्यात माणूस मेला की त्याला जाळत नसत, मातीला देत. राजा असो की गुराखी, खड्डा दोघांचाही तेवढाच लांब. राजाच्या खड्ड्यावर शिळा ठेवत आणि गुराख्याच्या खड्ड्यावर गवत उगवू देत, एवढाच काय तो फरक.

राजधानीत भिवरा नावाची एक हाडवैदीण राहत होती. वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं. झाडावरून पडलेला, बैलानं उडवलेला, विहिरीत पाय घसरलेला, जो तो तिच्या ओट्यावर येई. ती डोळे मिटून बोटं फिरवी आणि सांगे, "मोडलंय," नाहीतर "सरकलंय," नाहीतर "काही झालेलं नाही, ऊठ आता, सोंग पुरे." तिचा हात मऊ होता. जीभ तेवढी मऊ नव्हती.

तिला एक खोड होती. हाड बसवून झालं तरी तिचं समाधान होत नसे. पडलास तो कुठल्या अंगावर? आधी कधी पडला होतास का? तुझा बापही असाच फेंगडा चालायचा का? लोक हसून म्हणत, "भिवराबाईकडं गेलं की हाड बसतं खरं, पण सात पिढ्यांची हकीकत सांगावी लागते."

आता त्या राज्याच्या राजाचं ऐका. राजा मनानं वाईट नव्हता. पण आपल्या कुळाचा त्याला फार अभिमान होता. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष सात पिढ्यांमागं होऊन गेला. त्याची कथा राजभाट प्रत्येक सणाला गात असे. एकदा आभाळ फाटलं, वीज टेकडीवर कोसळली आणि त्या विजेतून एक उंचापुरा वीर तलवार घेऊन उभा राहिला. त्याला ना आई होती ना बाप. त्यानं खिंडीतले लुटारू मारले आणि राज्य वसवलं. याला पुरावा काय? तर राजघराण्यात पिढ्यानपिढ्या डाव्या पायाला सहा बोटं असलेली मुलं जन्मत. त्या सहाव्या बोटाला 'विजेचं बोट' म्हणत. ते ज्याला असेल तोच गादीवर बसे. या राजालाही ते होतंच.

मूळपुरुषाची समाधी नदीच्या काठावर, अगदी सखल जागी होती. पावसाळ्यात पाणी शिळेला लागे. एवढी उंच टेकडी सोडून राजा या चिखलात का निजला, असा प्रश्न भिवरेला लहानपणीच पडला होता. तिनं तो तेव्हाच्या राजभाटाला विचारलाही होता. "राजांच्या मनातलं राजांना ठाऊक," असं म्हणून त्यानं तिला हाकललं होतं.

नदी मात्र कुणाचं ऐकत नाही. दरवर्षी ती काठ खात खात समाधीकडं सरकत होती. शेवटी तिच्यात आणि शिळेत दहा पावलं उरली. तेव्हा राजानं ठरवलं, की मूळपुरुषाच्या अस्थी काढून टेकडीवर न्यायच्या, तिथं दगडी समाधी बांधायची आणि वर उंच शिखर चढवायचं. आजूबाजूच्या राजांना निमंत्रणं गेली. त्यातल्या एका बड्या राजाच्या मुलाशी राजकन्येच्या लग्नाची बोलणीही चालू होती.

टेकडीवर दगड चढवायचं काम वेठीनं चाललं होतं. वेठ म्हणजे सक्तीची फुकट राबणूक. दवंडी पिटली जाई आणि घरटी एक माणूस द्यावं लागे. पुरुष शेतात अडकलेले, म्हणून बहुतेक घरांतून बायकाच येत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दगड, अशी त्यांची रांग सकाळपासून टेकडी चढत असे.

अस्थींच्या मिरवणुकीला तीन दिवस राहिले, तेव्हा समाधी खणायला घेतली. खणणाऱ्यांचा मुकादम होता मायाजी बेलदार. त्यानं शिळेची पूजा करून ती पहारींनी सरकवली. कमरेइतकं खोल गेल्यावर त्यानं कुदळी बाजूला ठेवायला लावल्या आणि खाली बसून स्वतःच्या हातांनी माती काढू लागला. आधी एक कवटी दिसली. मायाजीनं हात जोडले. मग वीतभर पलीकडं दुसरी कवटी दिसली. मायाजीचे जोडलेले हात तसेच राहिले.

एका शिळेखाली, एका खड्ड्यात, शेजारी शेजारी दोन माणसं होती. अंगावर ना मुकुट, ना कंठा, ना तलवार.

प्रधान धावत आला. त्यानं आधी खड्ड्याभोवती कनात ठोकून घेतली आणि मग मायाजीला विचारलं, "यातला राजा कोणता?"

"मी माती ओळखतो, प्रधानजी. माणूस ओळखणारं कुणी बोलवा."

म्हणून भिवरेला बोलावणं आलं.

ती आली, पदर खोचला आणि कुणाला काही न विचारता खड्ड्यात उतरली. प्रधान वरून म्हणाला, "बाई, फक्त एवढंच सांगायचं. महाराज कोणते? त्यांना पालखीत घालू. दुसरं जे काही असेल ते नदीत सोडून देऊ."

"सांगते की," भिवरा म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"उद्या दुपार? हाडं ओळखायला एवढा वेळ?"

"जिवंत माणूस ओरडतो, तेव्हा कुठं दुखतंय ते लगेच कळतं. हे दोघं काहीच बोलत नाहीत, प्रधानजी. वेळ लागणारच."

प्रधान निघून गेला. भिवरेचे डोळे मात्र लकाकत होते. आयुष्यभर तिनं हाडं कातड्यावरून चाचपली होती. आज ती उघडी समोर होती आणि घाई करणारं कुणी कण्हत नव्हतं.

पहिला सांगाडा उंच पुरुषाचा. उजव्या हाताचं हाड डाव्यापेक्षा जाड. "हा हात रोज काहीतरी जड फिरवायचा," ती पुटपुटली. दोन फासळ्यांवर जुन्या वाराच्या खुणा, भरून आलेल्या. दात झिजलेले, पण होते. पन्नाशीच्या आसपासचा माणूस. मूळपुरुष हाच, यात तिला शंका उरली नाही. प्रधानाला हवं होतं ते उत्तर तर तिथंच मिळालं होतं. दुसरी कुणी असती तर हात झटकून वर आली असती.

भिवरा दुसऱ्या सांगाड्याकडं वळली.

तो ठेंगणा होता. कमरेचं हाड पसरट, मधली वाट रुंद. भिवरेनं किती बायकांची बाळंतपणं केली होती; ही वाट तिला न बघता कळली असती. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "तू होय?"

मायाजी वरून वाकला. "काय झालं, भिवराक्का?"

"बाई आहे रे मायाजी."

"राणी असेल मग."

"राणीची समाधी राणीबनात आहे. शिळेवर नाव आहे तिच्या. शिवाय ही फार म्हातारी आहे. बघ, जबड्यातली दातांची घरंसुद्धा बुजून गेलीत. सत्तरीची तरी असेल. आणि हे बघ."

तिनं मानेचे मणके एकेक करून तळहातावर घेतले. ते दबून चपटे झाले होते आणि कडांना हाड वाढलं होतं. भिवरेला ती मान ओळखीची होती. दर बाजारच्या दिवशी अशा दहा-दहा माना तिच्या ओट्यावर तेल चोळून घ्यायला येत. पाणी वाहणाऱ्या, लाकडं वाहणाऱ्या, दगड वाहणाऱ्या बायकांच्या माना.

"राजाच्या शेजारी ओझेवाली?" मायाजी म्हणाला. "दासी असेल. राजाबरोबर पुरली असेल."

"बरोबर पुरली का नंतर, ते तू सांग. माती तुझी."

मायाजी खाली उतरला. त्यानं खड्ड्याची बाजू हातानं खरवडली, माती चिमटीत चुरडली, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केलं.

"अक्का, एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. काळी नि पिवळी मिसळते, ती कायमची. ही म्हातारी एका खड्ड्यात आहे. त्या खड्ड्याची कड इथं आहे. आणि राजाचा खड्डा त्या कडेला कापून आत आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी ती. तिची माती बसली, दाबली गेली. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी बाजूनं हळूच खणलं आणि राजाला तिच्याजवळ ठेवलं. तिला राजाकडं आणलेलं नाही, अक्का. राजा तिच्याकडं आलाय."

मग भिवरेनं मधली माती फुंकरीनं उडवली. राजाचा उजवा हात त्या बाईच्या डाव्या हातावर ठेवलेला होता. ठेवताना तो हात मांसाचा असेल आणि तिच्या हाताची तेव्हाच हाडं झाली असतील. आता दोघांच्या बोटांची हाडं एकमेकांत मिसळून गेली होती.

चिखलाच्या या जागेचं कारण भिवरेला मिळालं होतं. पण एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिला लगेच पुढचा प्रश्न पडे. ही होती तरी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खड्ड्यात उतरली. आता फक्त पाय उरले होते. राजाच्या डाव्या पायाची बोटं तिनं मोजली. सहा. ती असणारच होती. मग केवळ सवयीनं, काम अर्धवट सोडू नये म्हणून, तिनं म्हातारीचा डावा पाय मोकळा केला. करंगळीच्या पलीकडं आणखी एक चिमुकलं हाड होतं. तिनं पुन्हा मोजलं. मायाजीला मोजायला लावलं.

"सहा," मायाजी म्हणाला आणि पुन्हा अंगठ्यापासून मोजू लागला.

दुपारी प्रधान आला, तेव्हा भिवरेनं त्याला सगळं सांगितलं. तो जसजसा ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाई," तो म्हणाला, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, ते काय उगीच?"

"मी कुठं शोधायला गेले होते, प्रधानजी? कुदळ तुमचीच होती."

प्रधानानं आवाज खाली आणला. "परवा सात राजे येतायत. भाट गाणार, ना आई ना बाप, विजेचा वंश. आणि त्यांच्यासमोर आम्ही एक हमाल बाई काढून दाखवू? हे बघ. ती स्वामिनिष्ठ दासी होती. एवढंच म्हणायचं. भाट तिच्यावर दोन ओळी रचेल, आपण तिला मानानं नदीत सोडू. महाराज आत्ता येतील. तुझं पोट तुझ्या बोटांवर आहे, बाई. बोटं सांभाळ."

तो कनातीबाहेर गेला. भिवरेनं आपल्या बोटांकडं पाहिलं. धमकी पोकळ नाही, हे तिला कळत होतं. दासी म्हणायला काय हरकत आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मेलेल्या बाईला काय फरक पडणार? पण तिला आपल्या ओट्यावर रडणारी माणसं आठवली. दुखतंय म्हणून हाड वाकडंच बांधा, असं विनवणारी. ज्याची दया येऊन तसं बांधावं, तो जन्मभर लंगडतो आणि वर बांधणाऱ्यालाच शिव्या देतो. भिवरेनं पदरानं हात पुसले.

राजा आला. भरजरी अंगरखा, पायात मोजड्या. काठावर उभं राहून त्यानं विचारलं, "बाई, यातला आमचा पूर्वज कोणता?"

"दोन्ही, महाराज."

प्रधान पुढं झाला. "महाराज, या बाईचं डोकं..."

राजानं हात वर केला. "नीट सांग."

भिवरेनं सांगितलं. माती सांगितली, वय सांगितलं, हातावरचा हात दाखवला. राजा ऐकताना लाल होत गेला. "आमच्या मूळपुरुषाला आई नव्हती," तो ओरडला, "हे शेंबडं पोरही सांगेल!"

"आईच होती असं मीही म्हणत नाही, महाराज. आई, मावशी की आजी, ते हाड सांगत नाही. ही रक्ताची आहे, वयानं मोठी आहे आणि सगळं राज्य हाताशी असताना तो मरणानंतर हिच्याजवळ येऊन निजला, एवढं मला दिसतं. रक्ताचं कशावरून म्हणाल, तर हा पाय बघा."

राजानं वाकून पाहिलं. मग आणखी वाकला. मग काय वाटलं कोण जाणे, तो त्या ओल्या मातीत खड्ड्याच्या कडेला बसला आणि त्यानं डाव्या पायातली मोजडी काढली. प्रधानानं नजर फिरवली. राजा एकदा आपल्या पायाकडं बघे, एकदा त्या हाडांकडं. तेच बोट, तसंच बाहेर वळलेलं.

राजाचा आवाज बदलला होता. त्यात राग उरला नव्हता, लहान मुलं एखादी गोष्ट ऐकताना विचारतात, तसं त्यानं विचारलं, "ती काय करायची?"

"ओझं वाहायची. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत. मानेचे मणके बघा, दबून चपटे झालेत."

"एवढं ओझं? असं ओझं कोण वाहतं?"

भिवरेला उत्तर द्यायची गरजच नव्हती. "मायाजी," ती म्हणाली, "टेकडीकडची कनात जरा वर कर."

कनात वर झाली. समोर टेकडीची वाट होती आणि वाटेवर बायकांची रांग. चुंबळ, पाटी, दगड. माना ताठ, कारण ताठ ठेवल्याशिवाय पाटी राहत नाही.

राजानं ती रांग रोज महालातून पाहिली होती. पण लांबून ती मुंग्यांसारखी दिसे. त्यानं शेवटच्या बाईला बोलावलं. तिचं नाव सोनकी. पाटी उतरवून, घाबरून ती हात जोडून उभी राहिली.

"मान दुखते का तुझी?" राजानं विचारलं.

असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. "मान आहे तोवर दुखायचीच की, महाराज."

"हे दगड कशासाठी नेताय, ठाऊक आहे?"

"कुणाचं तरी घर बांधताय म्हणे. मेलेल्या राजाचं."

"आणि तुझ्या घरी?"

"घरी तान्हं आहे. सासू बघते."

राजा उठला. एका पायात मोजडी, एक पाय अनवाणी, तसाच चालत महालाकडं गेला. प्रधानानं भिवरेवर दोन शिपाई बसवले आणि ती संध्याकाळपर्यंत कनातीत बसून राहिली. आपण बरोबर केलं की मूर्खपणा केला, हे तिला कळेना. मायाजीनं आपली भाकर मोडून तिला अर्धी दिली, ती तिनं खाल्ली. चव लागली नाही. अंधार पडायच्या आत शिपाई उठून गेले. का बसले होते ते जसं सांगितलं नव्हतं, तसं का उठले तेही कुणी सांगितलं नाही.

सकाळी राजाज्ञा आली. दोघांनाही टेकडीवर न्यायचं. खड्डा एकच. आधी तिला ठेवायचं, मग त्याला, जसं इथं होतं तसं. आणि आजपासून वेठ बंद. जेवढे दगड वर गेलेत तेवढ्यात समाधी पुरी करायची, शिखर नको.

हाडं उचलायची वेळ आली, तेव्हा राजा स्वतः हजर होता. दोन करंड्या आणल्या होत्या. भिवरेनं विचारलं, "महाराज, हातांची हाडं मिसळलीत. लहान तिची, मोठी त्याची, अशी निवडून देऊ शकेन. देऊ?"

"नको," राजा म्हणाला. "तशीच राहू देत."

ती हाडं मग तिच्याच करंडीत गेली.

मूळपुरुषासाठी पालखी सजलेली होती. म्हातारीसाठी काय, याचा विचारच कुणी केला नव्हता. प्रधान दुसरी पालखी शोधायला निघाला, तेवढ्यात सोनकी पुढं आली. तिच्यामागं पंचवीस-तीस बायका होत्या. वेठ बंद झाली होती, आता त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सोनकीनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "पालखी तिला मानवणार नाही, महाराज. आयुष्यात कधी बसली नसेल. म्हातारीला आमच्या डोक्यावरून जाऊ द्या."

आणि तशी ती गेली. एकीची मान भरून आली की दुसरी चुंबळ पुढं करी. पुढं करंडी, मागं पालखी. राजभाट शेजारून चालत होता. त्यानं सवयीनं सूर लावला, "ना आई..." आणि अडकला. पुढचे शब्द त्याला येईनात. मग तोही मुकाट्यानं चालू लागला. त्या दिवशी टेकडीवर फक्त पावलांचा आवाज होता.

सात राजांपैकी दोघं हसले, चौघं गप्प राहिले. ज्याच्या मुलाशी राजकन्येचं लग्न ठरत होतं तो तडकाफडकी उठून गेला. "आम्ही विजेच्या घरात सोयरीक करत होतो, पाटीवालीच्या नाही," असं तो म्हणाला. बोलणी मोडली. राजकन्येला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला ठाऊक नाही. राजाला मात्र लागलं.

समाधीवर नाव कोरायची वेळ आली. भिवरेनं त्या बाईचं नाव शोधायला गावंच्या गावं पालथी घातली. जुन्या म्हाताऱ्यांना विचारलं, जात्यावरची गाणी ऐकली, भाटांच्या पोथ्या वाचून घेतल्या. कुठं काही मिळालं नाही. सात पिढ्या जिला कुणी विचारलं नव्हतं, तिचं नाव राहणार कसं? शेवटी राजानं नावाची जागा मोकळी सोडली. "मिळालं तर कोरू," तो म्हणाला. ते कधीच मिळालं नाही. भिवरेला शेवटपर्यंत याची चुटपूट लागून राहिली.

तिसऱ्या पावसाळ्यात नदी वेड्यासारखी चढली. जुन्या समाधीची जागा एका दिवसात वाहून गेली आणि पाणी खालच्या वस्तीच्या बांधाला धडका देऊ लागलं. बांध फुटला असता तर अर्धी राजधानी गेली असती. प्रधान घाबरून म्हणाला, "महाराज, वेठ तर बंद केलीत. आता माणसं आणायची कुठून?"

राजानं दवंडीवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, "हुकूम म्हणून सांगू नकोस. राजा विनंती करतो म्हणून सांग."

दवंडीवाला डफ घेऊन वेशीपर्यंत पोचला असेल नसेल, तोवर बांधावर पाट्या पोचल्या होत्या. बायका होत्या, पुरुष होते, पलीकडच्या गावांतली माणसंसुद्धा होती. चार दिवस माती पडत राहिली. बांध टिकला आणि राजधानी वाचली. वेठीला जेवढी माणसं कधी आली नव्हती, तेवढी त्या चार दिवसांत न बोलावता आली.

गोष्टीचा बोध एवढाच: आपलं मूळ खणायला निघावं, तर हाती लागेल ते सगळं उचलावं, निवडून घेतलेल्या मुळावर झाड उभं राहत नाही.